आपोआप काही झालेलं नाही

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. 'धीर धर, सगळं ठीक होईल' असलं काही मी लिहिणार नाही. आरोग्य उपकेंद्र चालवणाऱ्या माणसाला ते सांगायची गरज नसते, आणि ठीक होईलच हे मला माहीतही नाही.

तू जे मांडलंस ते खरं आहे. 2022 च्या अखेरीस गोवंडीत गोवरानं लेकरं दगावली, तीही मुंबईत, मोठमोठ्या इस्पितळांपासून हाकेच्या अंतरावर. 2024 मध्ये गाझात 25 वर्षांनी पोलिओ परतला आणि दहा महिन्यांच्या बाळाचा पाय लुळा पडला. 2025 मध्ये अमेरिकेनं परदेशातल्या आरोग्याच्या कामांचा पैसा काढून घेतला. आणि तुझ्याच गावात, दारात चारचाकी असलेल्या पदवीधर आईबापांनी मोबाईलवरचा कुठलासा व्हिडिओ दाखवून तुला लसीच्या डब्यासकट परत पाठवलं. मानधन थकलंय ते वेगळंच. यातलं एकही वाक्य मी खोडणार नाही.

खोडायचंय ते शेवटचं. 'तुमच्या पिढीचं बरं होतं काका, तुम्हाला जग पुढे जाताना दिसत होतं. माणूस सुधारतो हा विश्वास आम्हाला परवडत नाही.' हे वाचून मला राग आला. तुझ्यावर थोडा, पण आम्ही म्हाताऱ्यांनी तुम्हाला जी गोष्ट सांगितली तिच्यावर जास्त. धरण आलं, वीज आली, लस आली, देवी गेली. अशाच सुरात आम्ही तुम्हाला सगळं शिकवलं, पाऊस पडावा तसं वरून पडलं म्हणून. मग आता पाऊस थांबला असं तुम्हाला वाटलं तर दोष कुणाचा? आपोआप काही झालेलं नाही. हे वाक्य या पत्रात तुला पुन्हा पुन्हा वाचावं लागणार आहे, त्याला इलाज नाही.

नारू, म्हणजे पायातून दोऱ्यासारखा किडा बाहेर येण्याचा रोग, कसा गेला ते सांगतो. तू तो पाहिलेला नाहीस, तुझ्या आईनंही बहुधा फक्त नाव ऐकलं असेल.

मी आरोग्यसेवक म्हणून लागलो तेव्हा देशात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम नुकताच सुरू झाला होता, 1983-84 चा सुमार. आमच्या भागात प्यायचं पाणी बारवेचं. बाया पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर बुडवायच्या. त्या शेवटच्या पायरीवरच रोगाचं सगळं चक्र फिरायचं. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा डोळ्याला जेमतेम दिसणारा किडा असतो, नारूचं पिल्लू त्याच्या पोटात. ते पाणी प्यायलं की किडा माणसाच्या पोटात मरतो, पिल्लू जगतं आणि वर्षभर अंगात वाढत राहतं. मग पायावर फोड येतो. आग आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात सोडतो, आणि तेवढ्यात मादी पिल्लांचा लोंढा पाण्यात सोडून देते. पुढच्या उन्हाळ्याचे रोगी तिथंच तयार झाले.

एका गड्याच्या घोट्यातून तो निघताना मी शेजारी बसून पाहिला आहे. पांढरा, दोऱ्याहून थोडा जाड, चांगला दोन हात लांब. त्याचं बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज बोट-दोन बोटं काडी फिरवायची. घाई केली की तुटतो. तुटला की आतल्या आत पू धरतो आणि सांधा आखडतो. हे सगळं ऐन पेरणीच्या तोंडावर. आभाळ भरून आलेलं, तिफण कोपऱ्यात उभी आणि घरचा कर्ता बाजेवर काडी धरून बसलेला. त्याची बायको मला विचारत होती, औषध कधी आणाल?

आता हे नीट वाच. या रोगावर औषध नव्हतं, लसही नव्हती. आजही नाही. एकदा अंगात गेलेल्या नारूला मारणारं काहीही माणसाच्या हाती नाही. तरी तो गेला. कशानं गेला? दुपदरी फडक्यातून पाणी गाळल्यानं. बारवेत सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस मोजून टाकल्यानं. पायऱ्या बुजवून कठडे बांधल्यानं, हापसे बसवल्यानं. आणि फोड आलेल्या माणसाला पाण्यात उतरू न दिल्यानं. हे शेवटचं सर्वांत अवघड, कारण त्याला कुणीतरी तिथं बसून राहावं लागतं.

आमच्या एका वस्तीवर एक विधवा बाई बसायची. तिला सहीसुद्धा येत नव्हती. पहाटे बारवेच्या तोंडाशी ठाण मांडायची आणि पायाला चिंधी बांधलेला कुणी दिसला की त्याला अडवून त्याची घागर स्वतः भरून आणायची. लोकांनी तिला शिव्या घातल्या. ही कोण लागून गेली, म्हणाले. ती उठली नाही. आमच्या अहवालात गाळण्या किती वाटल्या याचा रकाना होता, तिच्या नावाला नव्हता. आज तिचं नाव माझ्याखेरीज कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही, आणि ही खंत मला रिटायर झाल्यापासून जास्तच छळते. भेटशील तेव्हा सांगेन.

देशातला नारूचा शेवटचा रोगी 1996 च्या जुलैत राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात सापडला. भारत नारूमुक्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं 2000 च्या फेब्रुवारीत जाहीर केलं. मधल्या काळात आम्ही काय करत होतो? नसलेला रोग शोधत घरोघर हिंडत होतो. 'नारूचा रोगी कळवा, बक्षीस मिळवा' अशा पाट्या रंगवत होतो आणि दर महिन्याला शून्य लिहीत होतो. शून्य लिहायलाही कुणीतरी घराच्या दारापर्यंत जावं लागतं. 1986 मध्ये जगात नारूचे अंदाजे 35 लाख रोगी होते. 2024 मध्ये सगळ्या पृथ्वीवर मिळून 15. ही घट मी कुठं वाचून तुला सांगत नाही. तिचा एक बारीकसा तुकडा मी हातानं केला आहे.

आणि तू मला सांगतेस, तुम्हाला जग पुढे जाताना दिसत होतं! कुठून दिसणार? त्या वेळी आम्हाला बारव दिसत होती. 1984 मध्ये भोपाळची वायुगळती झाली, दिल्लीत शिखांची कत्तल झाली. 1992-93 मध्ये मुंबई पेटली, 1993 च्या सप्टेंबरात भूकंपानं किल्लारी जमीनदोस्त झाली. ज्या रात्री माणसावरचा विश्वास उडावा अशा रात्री आमच्याही वाट्याला आल्या. सकाळी पोटात विश्वास असो नसो, टेमेफॉसची बाटली पिशवीत टाकून निघावंच लागायचं.

तुझ्या कपाटातल्या जलसंजीवनीच्या पुड्या बघ. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, पटकीनं माणसं पटापट मरत होती आणि सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांचं मिश्रण पिंपात कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि सांगितलं, पाजत राहा. शंभरात तीसच्या आसपास असलेलं मरण चाराच्या खाली आलं. त्या वेळी बऱ्याच नामांकित डॉक्टरांचा या उपायावर भरवसा नव्हता. त्याच कपाटात गर्भनिरोधक गोळ्या आहेत. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. पुढं त्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, 1953 मध्ये मरेपर्यंत ते आपलं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत राहिले. तू त्या गोळ्या आज सहीवर वाटतेस आणि कुणी तुला कोर्टात खेचत नाही. आपोआप काही झालेलं नाही.

पण एवढ्यानं तू ऐकणार नाहीस, हे मला कळतं. तुझा खरा मुद्दा असा की मिळवलेलं टिकत नाही. मग महाडचं बघ, नुसती 20 मार्चची तारीख पाठ करू नकोस. 1923 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर प्रगती झाली! पण तळ्यावर कुणी अस्पृश्य पाणी प्यायला नाही, पिऊ दिलं नसतं. 1927 मध्ये बाबासाहेब हजारोंना घेऊन गेले आणि पाणी प्यायले. त्याच दिवशी परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. मग तळ्याचं शुद्धीकरण झालं, शेणागोमुत्राच्या घागरी ओतून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात कोर्टाची मनाई आली. निकाल लागला तो 1937 मध्ये, हायकोर्टात.

1927 च्या डिसेंबरात तू तिथं असतीस तर काय लिहिलं असतंस? ठराव रद्द, तळ्यावर बंदी, माणसं जखमी. म्हणजे सगळं वाया गेलं, असंच ना? आणि तो हिशेब त्या दिवसापुरता बरोबरही ठरला असता. फरक एवढाच की दहा वर्षं कुणीतरी तारखांना हजर राहिलं. वकीलपत्रं, साक्षी, कागद, तिकिटाचे पैसे. या दहा वर्षांचा उत्सव कुणी करत नाही. मला विचारशील तर सत्याग्रहाच्या दिवसाइतकाच मान मी त्या तारखांना देतो.

तुझी निराशा आणि आमच्या काळातला तो भोळा आशावाद यांत मला काडीचा फरक दिसत नाही. तो म्हणायचा, जग आपोआप सुधारतंय. तू म्हणतेस, जग आपोआप बिघडतंय. दोघांच्याही बोलण्यात माणूस कुठं आहे? गोवंडीत गोवर आला तो काळ फिरला म्हणून आला का? कोविडच्या दोन वर्षांत लसीकरणाचे दिवस चुकले, मुलं सुटली, दाटीवाटीच्या वस्तीत सुटलेल्या मुलांमागं कुणी लागलं नाही, म्हणून आला. कुठल्या महिन्यात, कुठल्या गल्लीत साखळी तुटली ते बोट ठेवून दाखवता येतं. जे बोट ठेवून दाखवता येतं ते दुरुस्त करता येतं. हे तुला शिकवावं लागतंय याचं मला वाईट वाटतं, कारण तू माझ्यापेक्षा जास्त शिकलेली आहेस.

आता प्रगतीच्या नावावर झालेलं वाईटही मी लपवणार नाही. आमच्याकडं सोनोग्राफी आली तेव्हा आम्ही आनंदानं तिचं स्वागत केलं होतं. बीड जिल्ह्यात 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं 894 मुली होत्या, 2011 मध्ये 807. यंत्र पुढारलेलं, शिकलेले डॉक्टर, पैसेवाले आईबाप, आणि मुली पोटातच गायब. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्याच राज्यानं 1988 मध्ये केला होता. कायदा होता आणि मुली मरत होत्या, कारण दवाखान्याची दारं कुणी उघडून बघत नव्हतं. 1972 च्या दुष्काळानं बोअर आणि हापसे गावोगाव नेले. जालना आणि सोलापूरच्या मिशनमधल्या लोकांनी घडवलेल्या पोलादी पंपांवरूनच पुढं इंडिया मार्क टू नावाचा हापसा झाला आणि अर्ध्या जगात गेला. नारू जाण्यात त्याचा मोठा वाटा. त्याच बोअरला मोटार लागली, ऊस आला, पाणी खाली खाली गेलं आणि 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. हे मी विसरलेलो नाही. मीच ज्या हापशांची जागा दाखवायला गेलो त्यांतले कितीतरी आज कोरडे आहेत.

म्हणून काय, हापसा बसवायला नको होता? औषध मागणाऱ्या त्या गड्याच्या बायकोला मी काय सांगायला हवं होतं? पुढं पाणी आटेल, तेव्हा नवऱ्याच्या पायातला नारू राहू दे?

माझा थोरला भाऊ अजून मला म्हणतो, तू आयुष्य फुकट घालवलंस. तो पुण्याला गेला, कारखान्यात लागला, दोन फ्लॅट केले. मी जिल्हा परिषदेच्या नोकरीत वीस गावांची धूळ खाल्ली आणि पगारवाढीच्या फाइलीसाठी एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, ती फाइल मी रिटायर झाल्यावर निघाली. तुझ्या काकूनं दोन्ही बाळंतपणं माझ्याविना काढली, कारण दोन्ही वेळा उन्हाळा होता आणि उन्हाळा म्हणजे नारूचा हंगाम. ती कधी बोलून दाखवत नाही. मला ते टोचतं. पण भावानं 'फुकट' म्हटलं की मी अजूनही जेवणावरून उठतो. 1971 मध्ये आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांतली 129 वर्षाच्या आत जात होती. 2020 मध्ये 28. या मधल्या शंभर बाळांना कुणीतरी वाचवलं ना? सुईणीनं नवं पातं वापरलं, अंगणवाडीच्या ताईनं वजन केलं, एएनएमबाई पावसात ओढा ओलांडून गेली, कुणी रात्री जीप काढली. मी त्यांतला एक होतो. माझं आयुष्य फुकट गेलं म्हणायचं तर त्या सगळ्यांचं गेलं म्हणावं लागेल, आणि ते मी कुणालाही म्हणू देणार नाही. भावालाही नाही आणि तुलाही नाही.

रागावलो असेन तर समजून घे. तुझ्यावरची माया आहे म्हणून एवढं लिहितोय, परक्या माणसाला चार ओळींत वाटेला लावलं असतं.

त्या पदवीधर घराचं सांगतो. त्यांना अडाणी समजू नकोस, आणि मनातल्या मनातही तसं म्हणू नकोस, ते चेहऱ्यावर दिसतं. त्यांनी गोवर पाहिलेला नाही. त्यांच्या आजीनं पाहिला असेल. तू लस घेऊन गेलीस ती आईबापांकडं. पुढच्या वेळी डबा न नेता जा आणि आजीशी बोल. तिचं एखादं भावंड गोवरात गेलं असण्याची शक्यता बरीच आहे. तिला सांगू दे, तू मध्ये बोलू नकोस. आम्ही फडक्यांच्या बाबतीत हेच केलं होतं. सायक्लॉप्सचं चित्र दाखवून कुणी ऐकलं नाही, पण एका बाईनं आपल्या सासऱ्याचा आखडलेला गुडघा शेजारणींना दाखवला आणि त्या आठवड्यात वस्तीवरचे हंडे झाकले गेले. घर नाहीच म्हणालं तर महिन्यानं पुन्हा जा. नोंदवहीत 'नकार' लिहून पान उलटू नकोस, पुढची तारीख टाक.

मानधनाचं वेगळं. ते सोसायचं नसतं. सेवेच्या नावाखाली उपाशी राहा असं सांगणाऱ्यांतला मी नाही. लेखी अर्ज दे, पोच घे, आजूबाजूच्या चार उपकेंद्रांवरच्या मुलामुलींच्या सह्या त्याच अर्जावर घे. एकटीचा अर्ज फाइलीत जातो. मसुदा पाठव, मी बघून देतो, कागद कसा हलवायचा एवढं तरी मला येतं.

आणि बँकेच्या परीक्षेचं. फॉर्म भरायचा असेल तर भर, मी तुला अडवत नाही. घरची परिस्थिती मला ठाऊक आहे. तुला जावं लागलं तरी मी तुला पळपुटी म्हणणार नाही. पण 'माणूस सुधारत नाही म्हणून सोडते' असं कारण देऊन जाऊ नकोस, कारण ते खोटं आहे आणि ते तुला पुढं बँकेच्या काउंटरवरही सुचत राहील. पैसे हवेत म्हण, थकले म्हण, घर चालवायचंय म्हण. ती खरी कारणं आहेत.

जायचं ठरलंच तर त्याआधी एक काम कर. तुझ्या गावांत लस अर्धवट राहिलेल्या मुलांची यादी काढ, प्रत्येकापुढं कुठली मात्रा राहिली आणि घरातलं कोण ऐकतं हे लिही. जोखमीच्या गरोदर बायांची दुसरी यादी. दोन्ही याद्यांत प्रत्येक नावापुढं, तू नसलीस तर कोण जाणार, त्या आशाताईचं नाव टाक. जिथं नाव टाकता येत नाही ती घरं मला कळव. माझे गुडघे आता फार चालू देत नाहीत, पण मोटारसायकलवर मागं बसता येतं, आणि आमच्यातली दोन-तीन माणसं अजून हिंडती फिरती आहेत. पंधरा तारखेच्या लसीकरणाच्या दिवसाआधी यादी मिळाली तर बरं.

काकूनं तुला शेंगदाण्याची चटणी पाठवलीय, एसटीच्या पार्सलनं येईल. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा,
काका